लाँगबो मनात, रिकर्व्ह हातात

धनुष्य घ्यायचं ठरवलं तेव्हा मला लाँगबोच हवा होता. उंच, सरळ, दोरी चढवल्यावर जेमतेम बाक येणारा. ना साइट, म्हणजे नेम धरायची खूण, ना तोल राखणाऱ्या स्टॅबिलायझरच्या दांड्या, ना ओढ पुरी झाली की टिक वाजणारा क्लिकर. आणि घरी आला तो रिकर्व्ह. टोकं पुढे वळलेला, साधा, लाकडी मुठीचा, साइट नसलेला, तीन भागांत सुटणारा. मधल्या काळात मत कशाकशानं फिरलं ते जरा सविस्तर लिहिते. साइट न लावता नुसत्या नजरेनं बाण मारायची हौस असलेली माणसं आता आपल्याकडेही भेटू लागलीत, आणि त्यांच्या हाती लागणारी बहुतेक माहिती अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी शिकाऱ्यांसाठी लिहिलेली असते.

मी परभणीची. बँकेत नोकरी, चाळिशी ओलांडलेली. या नादाला लावलं पुतणीनं. ती शाळेकडून इंडियन राउंड खेळते. आपल्या देशातल्या स्पर्धांमध्ये रिकर्व्ह आणि कंपाउंड यांच्या जोडीला हा तिसरा प्रकार असतो. धनुष्य बांबूचं आणि लाकडाचं, अंतरं ५० आणि ३० मीटर. परदेशी साहित्य परवडत नाही अशा घरांतली पोरं इथूनच सुरुवात करतात. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे विश्वविजेते झाले, त्यानंतर आमच्याकडच्याही दोन-चार घरांत तिरंदाजीचं नाव निघालं. पण ते दोघे कंपाउंडवाले. कंपाउंडला चाकं, केबली, भिंग. खर्चाचा आकडा ऐकला की बाप गप्प होतो आणि पोरगी बांबूकडे वळते. आमच्या घरातही तसंच झालं.

दिरांचं शेत मानवतच्या बाजूला आहे. भाऊजींनी पोरीसाठी बांधाच्या पोटाशी कडब्याच्या पेंढ्या आडव्या रचून दोन बल्ल्यांमध्ये कासऱ्यानं आवळल्या, समोर बारदान ताणलं. मागे बांध, त्याच्यापलीकडे आपलंच वावर, त्यामुळे चुकलेला बाण कुणाच्या अंगावर जायची भीती नाही. मी आधी बाण गोळा करून द्यायला जात होते. मग तिनं धनुष्य माझ्या हातात दिलं, आणि त्यानंतर बाण गोळा करायची पाळी तिची आली.

शेतावरचे गडी, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काय करायलाव ताई? ह्यानं रोही पडंल का?" रोही म्हणजे नीलगाय. हरभऱ्यात कळप शिरला की सकाळी उभं पीक आडवं झालेलं असतं, त्यामुळे त्यांचा प्रश्न अगदी मनापासूनचा होता. त्यांना सांगितलं, मामा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, धनुष्यानं काय आणि बंदुकीनं काय. ते म्हणाले, "मग कशापायी एवढं?" याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, आजही नीट देता येत नाही.

त्या प्रश्नाचा एक फायदा मात्र झाला. रिकर्व्ह की लाँगबो हा वाद बाहेरच्या देशात ज्या मुद्द्यांवर चालतो त्यांतले निम्मे शिकारीचे आहेत. आखूड रिकर्व्ह बरा, कारण मचाणावर बसून झुडपांतून ओढता येतो. लाँगबो बरा, कारण त्याचा आवाज कमी, हरीण बिचकत नाही. ओढायला निदान ४५ पाउंडांचा जोर लागेल असा हवा, कारण कातडी भेदायची असते. आपल्याला तर कडबा भेदायचा आहे. हे मुद्दे बाजूला सारले की उरतं ते आपलं शरीर, आपलं हवामान, प्रवास आणि बाण. मी निवड केली ती या चार गोष्टींवर.

शरीराची गोष्ट आधी, कारण तिच्याकडे फार कमी लोक बघतात. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात फाकवायचे, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत इंचांत माप घ्यायचं आणि २.५ नं भागायचं. येतं ते साधारण तुमचं ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी तुम्ही किती ओढाल ते. माझे हात ६१ इंच, म्हणजे ओढ साडेचोवीसच्या आतच. धनुष्यावर जे पाउंड लिहिलेले असतात ते २८ इंच ओढल्यावरचे. एका इंचामागे साधारण दोन ते अडीच पाउंडांचा फरक पडतो. म्हणजे ३० लिहिलेलं धनुष्य माझ्या हातात २२ च्या आसपासच भरतं. "मी चाळीस ओढतो" असं सांगणाऱ्या पुरुषांना तेव्हापासून मी पहिल्यांदा हाताची लांबी विचारते.

याचा प्रकाराशी संबंध असा, की लाँगबो लांब असतो तो लांब ओढीसाठी. ६८ इंची लाँगबो २८-२९ इंच ओढणाऱ्या उंच माणसासाठी बनवलेला असतो. चोवीस इंचांवर त्याची पाती, म्हणजे मुठीच्या वरचा-खालचा वाकणारा भाग, अर्धवटच वाकतात, त्यांच्यात ताकद साठतच नाही. इंग्लंडचं मेरी रोझ हे जहाज १५४५ साली बुडालं, १९८२ साली वर काढलं, आणि त्यात शंभराहून जास्त लाँगबो सापडले. लहानपणापासून सराव केलेल्या सैनिकांची ती हत्यारं, सहा फुटांच्या आसपास लांब, ओढायला शंभर पाउंडांच्या वर. लाँगबोचं जे चित्र माझ्या डोक्यात होतं ते याच धनुष्यांवरून आलेलं, आणि त्या चित्रात पाच फूट एक इंचाची बँकवाली बाई कुठेच नव्हती.

तरी हातात घेऊन बघितल्याशिवाय मन मानेना. छत्रपती संभाजीनगरला ओळखीतून एका निवृत्त इंजिनिअर काकांचा पत्ता लागला. ते हौसेनं धनुष्यं बनवतात. विकत नाहीत, पण कुणी आलं की सगळी काढून दाखवतात. घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर जुने कपडे आणि खताच्या पिशव्या ठासून भरलेलं पोतं टांगलेलं, हेच त्यांचं निशाण. त्यांनी लाँगबो माझ्या हातात दिला तो आधी उलटा धरून. म्हणाले, "ही पाठ. ही ताणली जाते, म्हणून इथे बांबू. आणि तुमच्याकडे तोंड असतं ते पोट. ते दाबलं जातं, म्हणून तिथे धामण." बांबूच्या गाठी त्यांनी तासल्या नव्हत्या, नुसत्या हलक्या हातानं गोल केल्या होत्या. गाठीत धागा तुटला की पाठ तिथूनच उकलते, म्हणून. एवढ्या लांब वस्तूचं वजन जवळजवळ काहीच नव्हतं. मुठीला चामडं, बाण टेकवायला बोटभर रुंदीची खाच, बाकी काही नाही. मला तो बघताक्षणी आवडला हे काकांच्या लक्षात आलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "आधी मारून तर बघा."

मारून बघितला. ओढताना अगदी गोड. ताण सरळ चढत जातो, कुठे धक्का नाही, की मधेच जड होणं नाही. लाँगबो शेवटच्या दोन-तीन इंचांत एकदम जड होतो असं म्हणतात, पण माझा हात तिथवर पोचतच नव्हता. सोडल्यावर मात्र मुठीत असा झटका बसला की मनगट झिणझिणलं. पात्यांच्या टोकांना उरलेली ताकद बाणात न जाता हातात येते. बाण जड असला तर हा झटका कमी होतो. दुसरी गोष्ट, दोरी कोपराच्या खाली सणकन लागली. लाँगबोची दोरी मुठीपासून साधारण सहा-साडेसहा इंचांवर असते, रिकर्व्हची साडेसात-आठ इंचांवर. या अंतराला ब्रेस हाइट म्हणतात. अंतर कमी, म्हणजे दोरी मनगटाच्या तेवढी जवळ.

इथे बांगड्यांचा विषय काढावाच लागेल, कारण पुरुष लिहिणारे तो काढत नाहीत. डाव्या हातात काचेच्या बांगड्या ठेवून धनुष्य चालवता येत नाही. दोरी लागली तर काच फुटून मनगटात जाईल. आर्म गार्ड, म्हणजे दोरीपासून हात वाचवणारा पट्टा, बांगड्यांवरून बसत नाही आणि बांगड्या वर सरकवल्या की हात वाकवता येत नाही. सरावापुरता डावा हात मोकळा ठेवायचा म्हटल्यावर आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, कपाळावर आठी आली. मग उजव्या हातात दुप्पट बांगड्या घालून तोड निघाली. उजव्या हातानं काही बिघडत नाही, नुसती किणकिण होते. मंगळसूत्र ड्रेसच्या आत, ओढणी घरीच. आत्याबाईंनी वर एक सूचनाही दिली, "अंगठा सांभाळ माय, एकलव्याचा गेला होता." त्यांना दाखवलं की या पद्धतीत तीन बोटांनी दोरी ओढतात, अंगठ्याला काम नसतं. तुर्की, मंगोल लोक अंगठ्यानं ओढत. त्यावर त्या म्हणाल्या, "मग त्याचा उगंच घेतला की." याला काय बोलणार.

काकांकडे परत येते. माझे लाँगबोचे बाण पोत्यात खाली-खाली बसत होते, पण बघा, एका उभ्या रेघेत. डावीउजवीकडे फारसे फाकत नव्हते. काका थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तुमच्या हातात हा जागाच होत नाही." मग आतून पाहुण्यांसाठी ठेवलेला ६२ इंची टेकडाउन, म्हणजे भागांत सुटणारा, रिकर्व्ह आणला. लिहिलेले पाउंड तेवढेच.

रिकर्व्हची टोकं पुढच्या बाजूला वळलेली असतात आणि दोरी त्या वळणावर टेकून असते. ओढू लागलं की ती वळणावरून हळूहळू उचलली जाते. सुरुवातीला दोरी पात्याचा थोडा भाग अडवून धरते, म्हणून पहिल्या काही इंचांतच ताण चांगला चढतो. पुढे दोरी सुटत जाते तसं पातं जणू लांब होत जातं आणि शेवटी फार जड लागत नाही. पाउंड तेच, पण वाटेत साठलेली ताकद जास्त. माझ्यासारख्या आखूड ओढीच्या माणसाला हे फार सोयीचं, कारण माझ्या वाट्याला जे इंच येतात त्यांतच काम होतं. पहिला बाण पोत्याच्या वरच्या कडेला लागला. त्याच नेमावर लाँगबोचा बाण तिथून हातभर खाली बसत होता. मूठ जड असल्यानं डावा हातही थरथरत नव्हता. लाँगबो हलका, त्यामुळे नेम धरताना तो माझ्या श्वासाबरोबर हलत होता.

पण रिकर्व्हचे बाण फाकले. एक डावीकडे, एक उजवीकडे, मधे मोकळं. काकांनी कारण दाखवलं: दोरी सोडताना माझी बोटं सरळ न उघडता बाहेरच्या बाजूला ओढली जातात. लाँगबोची पाती अरुंद आणि जाड, ती पीळ घेत नाहीत, त्यामुळे ही खोड झाकली जाते. रिकर्व्हची पाती रुंद आणि पातळ, वर टोकाला वळण. त्यांना आडवा ओढा बसला की लगेच पीळ पडतो आणि बाण तो पीळ घेऊन जातो. लाँगबो माफ करतो असं लोक म्हणतात ते या अर्थानं खरं आहे. पण सगळ्याच बाबतीत नाही, हे बाणांकडे वळल्यावर कळलं.

रिकर्व्हची मूठ बाणाच्या बाजूला मध्यापर्यंत, कधी मध्याच्याही आत कापलेली असते, त्यामुळे बाण जवळजवळ दोरीच्या रेषेत बसतो. लाँगबोची खाच मध्यापर्यंत जात नाही. बाण मुठीच्या बाजूला तिरका बसतो आणि सुटल्यावर त्याला मुठीला वळसा घालून, वाकून, परत सरळ व्हावं लागतं. मग बाण नेमका किती ताठ हे लाँगबोला फार काटेकोर लागतं. या ताठपणाला स्पाइन म्हणतात. बाणाची काडी २८ इंचांवर दोन ठिकाणी टेकवून मधोमध ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं. अर्धा इंच वाकली तर स्पाइन ५००. आकडा जितका मोठा तितका बाण मऊ. माझ्या २०-२२ पाउंडांना ९०० ते १०००च्या आसपासचे मऊ बाण लागतात. ऑनलाइन विकणाऱ्या एकानं मला "मॅडम, ५०० सगळ्यांना चालतात" असं सांगून तसलेच पाठवले. काकांच्या लाँगबोवर ते सगळे डावीकडे गेले. उजव्या हातानं ओढणाऱ्याच्या धनुष्याला बाण फार ताठ झाला की तो डावीकडेच जातो. त्याच बाणांनी रिकर्व्हवर निदान पोतं तरी गाठलं. जिथे बाण बदलून, कापून, टोकाचं वजन कमी-जास्त करून बघायला जवळ दुकान नाही, तिथे हा फरक छोटा नाही. आमच्याकडे बाण कुरिअरनं येतात. मनाजोगे नसले तर परत पाठवायचे आणि वाट बघायची.

हवामानाबद्दल काकांनी जे सांगितलं ते मला कुठल्याही इंग्रजी लेखात सापडलं नव्हतं, कारण ते लिहिणाऱ्यांच्या गावी मे महिन्यात ४३ अंश नसतात. अस्सल लाकूड-बांबूच्या धनुष्यात थोडी ओल लागते. आपल्या उन्हाळ्यात ती उडून जाते आणि लाकूड ठिसूळ होतं. अशा दिवसांत भर दुपारी पूर्ण ओढलं तर कडकन जायची भीती. पावसाळ्यात उलट. ओल धरली की धनुष्य ढिलं पडतं, वाकून बसतं आणि मग दोरी काढली तरी पुरतं सरळ होत नाही. म्हणून काम झालं की दोरी उतरवायची, भिंतीला उभं टेकवायचं नाही, दोन खुंट्यांवर आडवं ठेवायचं. फायबर ग्लासची पाती ओलीला भीत नाहीत, पण त्यांचे थर डिंकानं जोडलेले असतात आणि तो डिंक उष्णतेला भितो. बंद गाडीत उन्हात धनुष्य ठेवलं तर थर सुटू शकतात. काकांकडे असं उलगलेलं एक पातं होतं. कडेला नख घातलं की पापुद्र्याखाली शिरत होतं. पाहुण्याच्या गाडीत दिवसभर राहिलेलं, एवढंच ते म्हणाले. पूर्वीचे शिंग-स्नायू-लाकडाचे तुर्की, मुघली रिकर्व्ह तर सरसानं जोडलेले असत आणि दमट हवेत त्यांना फार जपावं लागे. थोडक्यात, मराठवाड्यातलं ऊन दोघांनाही सोडत नाही. या मुद्द्यावर मी कुणालाच गुण दिले नाहीत. फक्त माझं धनुष्य गाडीत राहत नाही, आतल्या खोलीत राहतं.

गाडीवरून प्रवासाचं आठवलं. माझा सराव शेतावर, राहणं परभणीत, आणि बऱ्याचदा जाणं एसटीनं. काकांनी हौसेनं त्यांचा लाँगबो काही दिवस वापरायला दिला होता. तो कापडी पिशवीत घालून एसटीत चढले तर कंडक्टर म्हणाला, "मॅडम, पडद्याचा रॉड आडवा नका धरू, लोकायच्या डोळ्यात जाईल." उभा धरला तर टपाला लागत होता. मानवतपर्यंत मी तो दोन सीटच्या मधे तिरका धरून गेले, आणि शेजारच्या आजींनी वाटेत त्याला धरून एक डुलकीही काढली. टेकडाउन रिकर्व्हची मूठ आणि दोन पाती सुटी करून पोराच्या दप्तरात मावतात. वर डबा ठेवायलाही जागा राहते.

पण खरा निकाल लागला तो पाउंड वाढवण्याच्या सोयीवर. टेकडाउनची मूठ तीच राहते, पाती बदलता येतात. बाजारात बहुतेक मॉडेलांची पाती पाच-पाच पाउंडांच्या टप्प्यांनी मिळतात. मी २५ लिहिलेली घेतली, जी माझ्या ओढीला १७ च्या आसपास भरतात. भाऊजी म्हणाले, "वहिनी, ही तर पोरांची." असू दे. दिवसभर काउंटरवर कीबोर्डसमोर बसणाऱ्या खांद्याला एकदम जड धनुष्य दिलं तर खांदा आधी जातो आणि हौस नंतर. माझी कसोटी साधी: पूर्ण ओढून, ओठाच्या कोपऱ्याला बोट टेकवून, हात न थरथरता दहा सेकंद धरता आलं पाहिजे. तेवढं सहज जमेपर्यंत पुढची पाती मागवायची नाहीत. लाँगबोत ही पायरी नाही. जेवढ्याचा बनवला तेवढ्याचा. वाढवायचं तर दुसरा घ्यायचा, कमी करायचं तर तासायचा, आणि तासलेलं परत चिकटत नाही. ज्याला आपला हात किती पाउंडांवर स्थिरावणार हे ठाऊक आहे त्यानं खुशाल लाँगबो घ्यावा. मला ठाऊक नव्हतं.

स्पर्धेचा विचार मी केला नाही, पण विचारणारे असतात म्हणून सांगते. आंतरराष्ट्रीय थ्रीडी स्पर्धांमध्ये, म्हणजे जनावरांच्या पुतळ्यांवर बाण मारतात त्यांत, लाँगबोचा वेगळा गट असतो आणि त्यात बाण लाकडीच लागतात. साइट नसलेल्या रिकर्व्हचा गट म्हणजे बेअरबो. त्यात दोरी उतरवलेलं धनुष्य सगळ्या जोडण्यांसकट १२.२ सेंटीमीटरच्या कड्यातून पार व्हावं लागतं. म्हणजे लांब दांड्या आपोआप बाद. आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या पोरांना पुढे जायचं असेल तर इंडियन राउंड, नाहीतर सरळ साइटवाला रिकर्व्ह. फलटण तालुक्यातला प्रवीण जाधव टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकला गेला तो त्याच वाटेनं. पुतणीलाही तिचे सर तेच सांगतायत.

धनुष्य आल्यावरची कामं फार नव्हती. दोरी पायात अडकवून चढवायची नाही, त्यानं पात्यांना पीळ पडतो. दोन टोकांना अडकवायची एक वेगळी दोरी मिळते, स्ट्रिंगर, तिच्यावर पाय देऊन मूठ वर उचलायची. बाण थेट मुठीच्या खाचेवर टेकवून मारते, म्हणून बाणांना मागे प्लास्टिकचे पंख नाहीत, पिसं आहेत. पीस खाचेला घासलं तर दबून जातं, प्लास्टिक आदळून बाणाला धक्का देतं. पिसं भिजली की चपटी होतात, त्यामुळे भुरभुर सुरू झाली की सराव बंद. रिकर्व्हची दोरी वळणावर परत आपटते त्याचा टपकन आवाज येतो. तो मामांना आवडतो, मला नाही. माकडटोपी विणून उरलेल्या लोकरीचे दोन गोंडे दोरीत वर-खाली ओवले आणि आवाज निम्म्यावर आला. गोंड्यांमुळे बाणाचा वेग किंचित कमी होतो म्हणतात. पंधरा मीटरवर मला तरी जाणवलेला नाही.

बोटांची खोड सुटायला मात्र वेळ लागला. रिकर्व्ह ती लपवत नाही, म्हणून लागलीच निस्तरावी लागली. काकांच्या सांगण्यावरून पेंढ्यांपासून चार पावलांवर उभं राहून, डोळे मिटून, फक्त सोडण्याचा सराव केला. नेम नाही, निशाण नाही. बाण बारदानात सरळ शिरला की बोटं बरोबर उघडली, तिरका शिरला की नाही. पुतणी मागे उभी राहून "तिरका, काकू. परत तिरका" असं ओरडत असायची. तिला त्यात फार मजा आली.

उन्हाळ्यात एक वेगळीच भानगड होते. आमची जमीन काळी, चांगली भारी. एप्रिलपासून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खाली गेलेला बाण टणक ढेकळावरून उडी मारून पुढे जातो आणि भेगेत उभा शिरतो, पिसांसकट. वरून काही दिसत नाही. बाणाच्या मागच्या टोकाला भगवा, पिवळा असा भडक नॉक, म्हणजे दोरीत अडकवायची खोबण, लावला तरी उपयोग होत नाही. मामा एक सळई घेऊन भेगा चाचपत फिरतात आणि सापडला की डोक्यावर धरून आणतात. काही बाण पहिला पाऊस पडून जमीन मिटली तेव्हा तिच्याबरोबरच गेले. नांगरटीत निघतील असं भाऊजींचं म्हणणं आहे.

काकांचा लाँगबो मी परत नेऊन दिला. ते म्हणाले, तुमच्या मापाचा बनवता येईल, साठ इंचांचा, म्हणजे चोवीसला पाती पुरती वाकतील. बांबू हिवाळ्यात तोडलेला हवा, तेव्हा त्यात साखर कमी असते आणि घुण लागत नाही. मग तो सावलीत वाळवायचा. घाई केली तर पुढे धनुष्य वाकून बसतं. मी हो म्हटलंय. किती पाउंडांचा करू असं त्यांनी विचारलं, तेव्हा सांगितलं, ते बांबू वाळेपर्यंत कळवते, सध्या तिशीची पाती नुकतीच लावलीत.